सुप्याचा दंगा आणि भावनेचें शिक्षण

मनुष्याच्या बुद्धीचें माप घेण्याचे प्रयत्न गेलीं शंभराहून अधिक वर्षें चालू आहेत. परंतु स्वतःच्या मनांत उठलेला विकार ओळखणें, त्यास आवर किंवा योग्य वाट देणें, आणि दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे हें जाणून त्याप्रमाणें वागणें, हीही एक बुद्धिच आहे, असें पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञ अलीकडे म्हणूं लागले. १९९० सालीं पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या दोघां अमेरिकन विद्वानांनीं तिला शास्त्रीय नांव दिलें, आणि १९९५ सालीं डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथानें तें नांव घरोघर पोंचविलें. आम्ही तिला भावनेचें शहाणपण म्हणूं. या विषयावरील बहुतेक लेखन एकेका व्यक्तीचा विचार करतें : अमक्यापाशीं हें शहाणपण किती आहे, तें वाढवावें कसें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र निराळाच प्रश्न पडतो. राग, लाज, दया यांचा उगम सर्व माणसांत सारखा असेल. पण कोणत्या गोष्टीचा राग यावा, तो कोणापुढें दाखवावा, कोठें थांबवावा, आणि कोणाच्या दुःखानें आपलें मन हलावें, हें मनुष्यास कोण शिकवितें? आमच्या मतें हें शिक्षण तो ज्या संस्कृतींत वाढतो ती देते. आणि ती तें सर्वांच्या बाबतींत सारख्याच उदारपणें देते असें मात्र नाहीं. या विधानाची परीक्षा पाहण्यासाठीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील, बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या मुलखांतील, एक प्रसंग आम्ही येथें घेतों. तो म्हणजे १८७५ सालचा सुप्याचा दंगा.

हा मुलूख भीमा आणि नीरा या दोन नद्यांमध्यें पसरलेला आहे. इंदापूर तालुक्याच्या टोकास नीरा-नरसिंहपूर येथें त्या एकमेकींस मिळतात. पण नद्यांचीं नांवें ऐकून कोणी भुलूं नये. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचा उरलासुरला अंशच येथपर्यंत पोंचतो. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. तोंपर्यंत येथील शेतकऱ्याचें सारें दैव आभाळाच्या हातीं होतें. सुपें हें शहाजीराजांच्या जहागिरींतील प्रसिद्ध गांव. दंग्याच्या वेळीं तें भीमथडी तालुक्यांत होतें, आज तें बारामती तालुक्यांत मोडतें.

मुंबई इलाख्यांत जमिनीचा सारा ठरविण्याचा जो पहिला मोठा प्रयोग इंग्रज सरकारनें केला, त्याचेंही ठिकाण इंदापूरच. आरंभीं प्रिंगल साहेबांनीं बसविलेला आकार इतका जड ठरला कीं जमिनी ओस पडूं लागल्या. मग १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं तो हलका करून तीस वर्षांसाठीं कायम केला. तीस वर्षें भरलीं, आणि १८६७ च्या फेरपाहणींत इंदापूरचा सारा सुमारें दीडपट झाला. वाढ करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें भरभराटीचीं वर्षें होतीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत इकडील कापसास सोन्याचें मोल आलें होतें, आगगाडीच्या कामावर मजुरी मिळत होती, आणि सावकारही मोकळ्या हातानें पैसा देत होते. युद्ध संपलें, भाव कोसळले, देणारा हात आंखडला. वाढलेला सारा व वाढलेलें कर्ज मात्र तसेंच राहिलें.

सावकार हा या गांवांना नवा नव्हता. पेशवाईंतही कुणब्यास बियाण्यासाठीं, बैलासाठीं, लग्नकार्यासाठीं आणि सारा भरण्यासाठीं त्याच्याच दारीं जावें लागे. परंतु त्या काळीं बाकी वसूल करतांना सावकारास गांवाची मर्जी सांभाळावी लागे. पाटील, पंच आणि शेजारी यांना डावलून कुळाच्या घरांतील तांब्याही त्यास सहज उचलतां येत नसे. म्हणून तो तगादा करी, प्रसंगीं दारांत धरणें धरून बसे, वाईट वर्षीं थोडें सोडी आणि चांगल्या वर्षीं थोडें अधिक घेई. यांत जुलूम नव्हता असें नाहीं. पण जुलूम करणारा आणि तो सोसणारा हे रोज एकमेकांचीं तोंडें पाहत होते. दिवाणी न्यायालयें आलीं आणि हा मेळ मोडला. न्यायाधीशापुढें कागद जाई, माणूस जात नसे. बहुतेक हुकूमनामे एकतर्फीच होत. १८५९ च्या कायद्यानें साध्या रोख्यावरील फिर्यादीस तीन वर्षांची मुदत घातली. हेतु कुळाच्या हिताचा, परिणाम मात्र उलटा. मुदत संपत आली कीं जुनें मुद्दल व व्याज मिळून नवें मुद्दल धरावें, त्याचें नवें खत करावें, आणि त्याखालीं कुणब्यानें न वाचतां नांगराची निशाणी करावी, असा क्रम पडला. सावकार मुळांतच दुष्ट होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. खत नवें केलें नाहीं तर त्याचाही पैसा बुडे. पण कुळाची मर्जी राखण्याची त्याची गरज संपली, आणि गरज संपली कीं पुष्कळदां नजरही संपते.

१८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं एका सावकारानें तेथील देशमुखावर हुकूमनामा मिळविला आणि त्याचें घर पाडविलें. कर्ज बहुतेक सर्वांनाच होतें, जप्त्याही नव्या नव्हत्या. परंतु देशमुखाचें घर पाडणें ही केवळ वसुली राहिली नाहीं. ती साऱ्या गांवाच्या डोळ्यांदेखत झालेली बेअब्रू होती. गांवानें हत्यार उचललें तें बहिष्काराचें. सावकाराच्या दुकानीं माल घ्यावयाचा नाहीं, त्याचें शेत करावयाचें नाहीं, न्हाव्यानें त्याची हजामत करावयाची नाहीं. हें लोण गांवोगांव पसरलें. इंदापूर तालुक्यांतील कळस गांवच्या लोकांनीं तर असा ठराव लेखी केला : जो कोणी गुजर सावकारांचें शेत करील किंवा त्यांची चाकरी करील, त्याच्याशीं गांवाचा व जातीचा व्यवहार बंद.

मग १८७५ चा उन्हाळा आला. १२ मे रोजीं सुप्याचा आठवडी बाजार होता. आसपासच्या गांवांहून जमलेले शेतकरी गुजर सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. कापड व धान्य लुटलें गेलें. खतें, रोखे आणि चोपड्या बाहेर ओढून जाळण्यांत आल्या. त्याच रात्रीं सुप्यापासून सात कोसांवरील एका गांवीं एका मोठ्या सावकाराच्या घरास आग लागली. पुढें हें वारें शिरूरकडे व नगर जिल्ह्यांत गेलें. तीसांहून अधिक गांवांत असे प्रकार झाले, लष्कर बोलवावें लागलें, कित्येकांना शिक्षा झाल्या. अठराशें सत्तावन्नाची आठवण ताजी असलेल्या सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १८७८ सालीं पार्लमेंटपुढें ठेवण्यांत आला.

या अहवालांतील एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. इतके जमाव जमले, इतकी वर्षें सांचलेला संताप बाहेर पडला, तरी माणसाच्या देहास झालेली इजा फार थोडी होती. जमावाची मागणी बहुधा एकच असे : कागद आणा. सावकारानें खतें मुकाट्यानें काढून दिलीं तर तेथेंच बहुतेक प्रकरण मिटे. त्यानें नकार दिला तर धाक, मारहाण आणि आग यांची पाळी येई. त्या दिवशीं सावकारांच्या घरांतील बायका-मुलांवर कोणता प्रसंग गुदरला असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. त्या जमावास साधूंचा मेळा म्हणावें असें आम्ही सुचवीत नाहीं. तथापि ज्या रागास काय जाळावें हें कळतें आणि कोठें थांबावें हेंही बहुतेक ठिकाणीं कळतें, तो राग केवळ वणवा नव्हे. त्याच्यावर कोणीतरी पूर्वीं मेहनत घेतलेली असते.

अशा रागाचीं उदाहरणें अन्यत्रही सांपडतात. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत धान्य महाग झालें कीं लोक दंगे करीत. पण पुष्कळदां ते धान्य लुटून न नेतां, त्यांच्या मतें योग्य असलेल्या भावानें विकावयास लावीत आणि पैसे मालकाच्या हातीं देत. ई. पी. टॉमसन या इतिहासकारानें १९७१ सालीं दाखवून दिलें कीं या जमावांच्या मनांत न्याय्य व्यवहाराची एक ठाम कल्पना होती, आणि ती मोडली म्हणून त्यांचा राग उसळत होता. याच सुमारास जीन ब्रिग्ज या बाईंनीं उत्तर कॅनडांतील एस्किमो कुटुंबांत राहून जें पाहिलें तें १९७० च्या ग्रंथांत नमूद केलें : तेथें मोठ्या माणसानें चिडणें हेंच पोरपणाचें लक्षण समजतात, आणि मुलाचें वय वाढलें हें त्याच्या न चिडण्यावरून ओळखतात. एका समाजानें रागास हिशेब शिकविला, दुसऱ्यानें मौन शिकविलें. मग भीमा-नीरेच्या कांठच्या कुणब्यास त्याच्या समाजानें काय शिकविलें होतें, आणि कोणत्या शाळेंत?

ती शाळा देवळाच्या ओसरीवर भरत असे. ज्यास अक्षर वाचतां येत नव्हतें तो कीर्तन-पुराण ऐकत होता, आणि एका आख्यानांत पांच-सात माणसांच्या मनांत शिरून येत होता. कर्णाचा अपमान ऐकून त्याचे डोळे भरत, आणि पुढच्याच घटकेस त्याच कर्णाचा अन्याय ऐकून त्यास द्रौपदीची बाजू घ्यावी लागे. याच मुलखांत बारामतीस मोरोपंत पराडकर यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. पन्हाळगडीं १७२९ सालीं जन्मलेले हे कवि बारामतीकर बाबूजी नाईकांच्या आश्रयास पुराणिक म्हणून राहिले, आणि १७९४ सालीं बारामतीसच वारले. हे नाईक स्वतः मोठे सावकार; खुद्द पेशवे त्यांचे ऋणको होते. म्हणजे सावकाराच्याच वाड्यांत भारत-रामायण सांगितलें जात होतें, आणि तेथें रचलेल्या आर्या पुढें कीर्तनकारांच्या मुखानें महाराष्ट्रभर गेल्या. पंतांची ‘केकावलि’ पाहावी. मोराच्या केकेप्रमाणें देवास घातलेली ती आर्त हांक आहे. परंतु तींत नुसतें रडणें नाहीं. भक्त देवास त्याच्या ब्रीदाची आठवण देतो, युक्तिवाद करतो, रुसतो आणि पुन्हां पायांशीं येतो. आपल्याहून थोराशीं गाऱ्हाणें कसें मांडावें, याचा हा नमुनाच होय.

कर्जाच्या बाबतींत या शाळेनें दोन आख्यानें शिकविलीं होतीं, आणि आमच्या विषयाचें मर्म या दोहोंच्या जोडींत आहे. पहिलें हरिश्चंद्राचें. शब्द दिला म्हणून राज्य गेलें, आणि दक्षिणेचें ऋण फेडण्यासाठीं राजानें पत्नीस, पुत्रास व स्वतःसही विकलें. देणें तें देणेंच. बापाचें कर्ज मुलानें फेडावें, हा धर्म कुणब्यानें येथून उचलला. दुसरें आख्यान तुकोबांचें. तुकोबांच्या घरीं महाजनकी व सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळांत घरचीं माणसें गेलीं, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनीं कुळांचीं खतें काढलीं, धाकट्या भावाचा अर्धा वांटा त्यास दिला, आणि आपल्या अर्ध्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडून दिलीं, असें महीपतीनें त्यांच्या चरित्रांत सांगितलें आहे. भावाच्या हक्कास त्यांनीं हात लावला नाहीं. सोडलें तें स्वतःचें. एका कथेनें ऋणकोस सत्य शिकविलें, दुसरीनें धनकोस दया. दोन्ही एकत्र नांदतात तोंपर्यंत कर्जाचा व्यवहार हा दोन माणसांमधील व्यवहार राहतो.

सुप्याच्या बाजारांत तुकोबांचें नांव घेऊन खतें जाळलीं गेलीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संतानें खतें पाण्यांत सोडल्याची गोष्ट जे लहानपणापासून ऐकत आले, त्यांना खत नाहींसें करणें हें चोरीसारखें वाटलें नसावें. कुणब्याचा राग देण्याबद्दल नव्हता. देणें तो पिढ्यान्पिढ्या मानीत आला होता. वाईट वर्ष न ओळखणाऱ्या, तोंडाकडे न पाहणाऱ्या आणि आपल्या आपणच फुगत जाणाऱ्या कागदाबद्दल तो राग होता. आपल्याकडून हरिश्चंद्राची अपेक्षा करणाऱ्यानें तुकोबांचा अर्धा भाग सोडून दिला, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याचा हात माणसाकडे कमी आणि कागदाकडे अधिक गेला.

येथवर वाचून आपल्या संस्कृतीबद्दल अभिमान वाटणें साहजिक आहे. पण इतिहास येथें थांबत नाहीं, आणि आम्हांसही थांबतां येत नाहीं. या दंग्यांत ज्यांचीं घरें लक्ष्य झालीं ते जवळजवळ सारे गुजर व मारवाडी सावकार होते. ब्राह्मण सावकारही होते. त्यांना क्वचितच उपद्रव झाला. ते तितके कठोर नव्हते असें याचें एक कारण सांगतात, आणि त्यांत तथ्य असेल. परंतु दुसरेंही कारण उघड आहे. ते गांवचे होते, त्यांचे देव व सणवार गांवाचेच होते. दुसरे बाहेरून आलेले होते. कित्येक वर्षें शेजारीं राहूनही जो ‘आपला’ झाला नव्हता, त्याच्या मुलांची भीति गांवास दिसली नाहीं. ज्या शाळेनें दुसऱ्याच्या मनांत शिरण्यास शिकविलें, तिनें कोणाच्या मनांत शिरावयाचें नाहीं हेंही न सांगतां शिकविलें होतें.

बहिष्काराच्या हत्याराचेंही तसेंच. कळसच्या लोकांनीं तें सावकारावर उचललें तेव्हां आपणांस तें शोभून दिसतें; पण हेंच हत्यार याच समाजानें विधवेचा पुनर्विवाह करणाऱ्यावर, परदेशीं जाऊन आलेल्यावर चालविलें, आणि अस्पृश्य मानलेल्यांवर तर जन्मभराचाच बहिष्कार होता. वारींत एक वारकरी दुसऱ्याच्या पायां पडतो, तेथें लहानथोर पाहत नाहींत. पण वारीचा शेवट ज्या देवळांत, त्याच्या बाहेर पायरीशीं चोखोबांची समाधि राहिली, आणि त्यांच्या बांधवांना विठोबाच्या पायांपर्यंत जाण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, तेंही साने गुरुजींनीं दहा दिवस उपोषण केल्यावर. भावनेचें शहाणपण संस्कृति देते हें खरें. परंतु तिच्या कुंपणापाशीं तें थबकतें, आणि कुंपण हलविण्यास प्रत्येक वेळीं कोणास तरी झिजावें लागतें.

कुणब्याच्या अज्ञानाचें कौतुक करण्याचीही चूक होऊं नये. त्यास माणूस वाचतां येत होता, कागद वाचतां येत नव्हता. आणि माणूस वाचतां आल्यानें त्याचें शेत वांचलें नाहीं. जोतीराव फुले यांनीं विद्येवांचून शेतकऱ्याची काय दशा झाली हें पोटतिडकीनें सांगितलें, तें याच काळांत. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. उलट न्यायाधीशास कागद उत्तम वाचतां येत होता, पण समोर नसलेला माणूस वाचण्याची त्याजवर सक्ति नव्हती. दोन अर्धवट साक्षरांच्या कचाट्यांत हा मुलूख सांपडला होता.

दंग्यानंतर चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्याचें मुख्य कलम आम्हांस मोठें बोधप्रद वाटतें. खतावर लिहिलेला आंकडा प्रमाण न धरतां न्यायाधीशानें व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, प्रथम हातीं रक्कम किती पडली, व्याज किती चढलें, फेड किती झाली, हें पाहावें, असें त्यांत ठरलें. शेतकऱ्यास कर्जापायीं कैदेंत टाकणेंही बंद झालें. जी गोष्ट गांवच्या पंचांस पूर्वीं न शिकवितां कळत होती, ती इंग्रजी कायद्यास एका दंग्यानंतर कळली : कागदाच्या पाठीमागें पाहावें. पण कायद्याची दया ही कायद्यासारखीच असते. कित्येक सावकारांनीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखतें लिहून घेण्यास आरंभ केला, आणि संरक्षणासाठीं केलेल्या कायद्यास वळसा घालून जमिनी गेल्याच. मनांत नसलेला विवेक कलमांत फार काळ टिकत नाहीं.

आज हा मुलूख पुष्कळ बदलला आहे. कालव्यानें ऊंस आणला, ऊंसानें साखर कारखाने आणले. १९०४ च्या कायद्यापासून सहकारी पतसंस्था वाढल्या, आणि कर्जाचा कागद आतां बँकेंत होतो. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनीं १६८५ सालीं सुरू केलेली पालखी अद्यापि दर आषाढींत देहूहून निघून बारामतीवरून जाते. काटेवाडीस परीट तिच्यासाठीं धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपलीं मेंढरें तिच्याभोंवतीं फिरवितात. पुढें बेलवाडीस व इंदापुरास रिंगण होतें, आणि सराटीस नीरेचें स्नान होऊन ती सोलापूर जिल्ह्यांत जाते. ती पाहण्यास आपण सहकुटुंब जातों तेव्हां मुलांना ऐश्वर्याच्या, घोड्यांच्या व दिंड्यांच्या गोष्टी सांगतों. त्याच वेळीं हेंही सांगावें कीं, ज्यांची ही पालखी त्यांनीं भावाच्या वांट्यास हात न लावतां आपल्या वांट्याचीं खतें नदींत सोडलीं. आणि याच वाटेपासून थोड्या कोसांवर सुपें आहे, तेथें तें न सोडल्यामुळें काय झालें. त्या दिवशीं कोणाच्या घरांतलीं मुलें दाराआड लपून बसलीं होतीं, हेंही सांगण्यास विसरूं नये. आमच्या आजोबा-पणजोबांच्या शाळेंत हा शेवटचा धडा नव्हता. तो आपण घालावयाचा आहे.